धानावर टेकलेला पाय

बाबा, मी गाडी घेतली. लहानच आहे, शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा. एकोणपन्नासाव्या वर्षी कोणी गाडी शिकतं का, हे मिलमध्ये सगळ्यांनी विचारून झालं आहे. ते हसत विचारतात, म्हणून त्यांना उत्तर देता येतं. तुम्ही हसला नसता. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलं असतं, मग गाडीकडे, आणि बिचारीचं आता कसं होणार अशा नजरेने तिच्याकडे बघत राहिला असता. म्हणून तुम्हाला सांगायला दोन महिने लावले. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी ती नजर आठवली की मी बसल्या जागी सरळ होतो. मोठेपणाने सांगत नाही, आहे ते सांगतो.

मी आता गोंदियाला लागून कुडव्याला राहतो. दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे, पुढे एक गाडी उभी राहील एवढी जागा. गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये काट्यावर आहे. धानाचा ट्रक आला की बोऱ्यात परखी खुपसायची, तिच्या खोबणीत आलेले चार दाणे दाताखाली फोडायचे आणि ओलावा सांगायचा. त्यासाठी मशीन आहे, पण शेठ आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग मशीनकडे. चिचगडच्या आपल्या बांध्यांमध्ये, धानाच्या शेतात, तुम्ही जे शिकवलं त्याच्यावरच पोट भरतं आहे. आणि या कामावर मी पंचवीस वर्षं सायकलने गेलो. लग्नाला, मयतीला, दवाखान्यात, कुठेही जायचं तर कोणाच्या तरी मागे बसून. माझा साळा माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, आणि तो पुलाचा चढ आला की मुद्दाम म्हणायचा, "जिजाजी, घट्ट धरा." मी धरायचो. दुसरं काय करणार होतो?

तुमची गाडी अजून डोळ्यांपुढे आहे. देवरीच्या कोण्या ठेकेदाराच्या मुनीमाकडून घेतलेली, जुनी, पण आपल्या गल्लीतली पहिली. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा झाला नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यात होतो, आणि चिचगडला गाडी म्हणजे एक फॉरेस्टवाल्यांची नाहीतर तुमची. लोक तिला फटफटी म्हणत, त्याचा तुम्हाला राग यायचा. दारात आलात की वाकून आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा, मग शर्टाच्या बाहीने टाकी पुसायची, मग किल्ली आत नेऊन खुंटीला लावायची, हा तुमचा क्रम कधी चुकला नाही. उतार आला की तुम्ही इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायचे आणि मागे बसलेल्या मला म्हणायचे, "ऐक, आता हवाच चालवून राहिली." मी तुमच्या पाठीला गाल लावून ऐकत असे. घरात तुम्ही रागीट होता, बाबा, पण गाडीवर नव्हता.

तुमच्या रागाचं मूळ बहुतेक वेळा धानात असायचं. मी सहा वर्षांचा आहे, खळ्यावर धान वाळत पडलं आहे, आणि मी नवीन चपला घालून त्यावरून धावत सुटलो आहे. तुम्ही मला दंडाला धरून उचलता, चपला काढता आणि लांब तनसात, पेंढ्याच्या ढिगात, भिरकावून देता. "पायातलं घेऊन धानावर चढते का कोनी?" एवढंच बोलता. आणि मग स्वतः अनवाणी पायांनी त्याच धानात सऱ्या ओढत फिरत राहता, खालच्या दाण्यालाही ऊन लागावं म्हणून. मला काही कळेना. यांचे पाय चालतात, माझे का नाही? माय म्हणाली, अनवाणी पाय म्हणजे काम, चपलेचा पाय म्हणजे माज. ते माझ्या डोक्यात असं बसलं की आजही मिलच्या आवारात धान वाळत असलं की मी बूट हातात घेऊन जातो. हमाल हसतात.

आता तुम्हाला कधी न सांगितलेलं सांगतो. त्या दिवशी तुम्ही बांधीत होता, कापणी संपत आली होती. मायला मावशीकडे जायचं होतं, बस चुकली होती, आणि मी सतरा वर्षांचा होतो. खुंटीवरची किल्ली मी काढली. माय नको नको म्हणत होती, पण बसली. गावाबाहेर कोणीतरी अर्ध्या डांबरावर धान पसरवलं होतं. समोरून ट्रक आला, मी गाडी कडेला घेतली आणि चाक धानावर चढलं. धानावर चाक गेलं की हॅण्डल नुसतं नावाला हातात राहतं. माझा पाय आपोआप खाली निघाला. मागून माय ओरडली, "चप्पल, चप्पल!" आणि मी टेकायला आलेला पाय वर उचलला. तसाच, एक पाय वर घेऊन, मी पडलो. माय उजवीकडे पडली आणि तिचा हात गाडीखाली आला. दुनियेत कोणीही पाय टेकवला असता. आपल्या घरातला माणूसच असा पडू शकतो.

पुढचं अजून वाईट आहे. मायचा उजवा हात लोंबत होता, आणि ती डाव्या हाताने विस्कटलेलं धान सारखं करत बसली. मी गाडी ढकलत शंभर पावलं पुढे नेली, की कोणाला कळू नये कुठे पडलो ते. मग एक बैलबंडी आली, तिच्यात मायला आणि गाडीला घालून लोकांनी घरी आणलं. तुम्ही दारात उभे होता. "काऊन रे, कसा पडला?" तुम्ही विचारलंत. धानावर गाडी घातली हे सांगायची छाती झाली नाही. म्हटलं, डुक्कर आडवं आलं. मायने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, हो, डुक्करच होतं. तुम्ही वाकलेलं हॅण्डल पाहिलं, मायचा हात पाहिला, आणि त्या चार लोकांसमोर मला म्हणालात, "तू सायकलच चालवजो." ओरडून नाही, साधंच. वैदूने मायचा हात बसवला, तो थोडा वाकडा बसला. अजून तसाच आहे.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात तुम्ही गेलात. शेतातून आलात, पाणी मागितलंत आणि पाणी येईपर्यंत नव्हतात. गाडी काकाने नेली. माझ्याकडे तुमचं ते वाक्य राहिलं. गेलेल्या माणसाच्या शब्दाला कोणी हात लावत नाही, बाबा. गाडी काऊन नाही शिकत, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, बाबांची मनाई होती. विचारणारा गप्प. कोणी कोणी तर हळहळायचे, आजकाल बापाचं असं कोण ऐकतं म्हणायचे. लग्न जमवताना सासऱ्यांनीही विचारलं होतं. माझं उत्तर ऐकून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला, असं माझी बायको अजून कौतुकाने सांगते.

ही तुमची सून तुम्ही पाहिली नाही. तिने तुम्हाला पाहिलं आहे, तुमच्या त्या एकुलत्या एका फोटोत. ती तुम्हाला मानते, आणि वरवरचं नाही. सणाला पहिलं ताट तुमच्यापुढे जातं, मग मला मिळतं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, कुडव्यापासून सहा-सात किलोमीटरवरच्या खेड्यात. नाक्यापर्यंत चालायचं, तिथून ऑटो, फाट्यापासून पुन्हा चालायचं, आणि संध्याकाळी हेच उलटं. दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले आहेत. मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली, घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी ती उंबऱ्यावर येऊन बसते ती बसतेच, पाच-दहा मिनिटं तिला आत येववत नाही. एक दिवस तिच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता मी म्हटलं, मी गाडी शिकतो, तुला रोज सोडत जाईन. तिने पाय ओढून घेतला.

"बाबांनी नाही म्हटलं होतं ना तुम्हाले," ती म्हणाली. "तुम्ही चालवा, तुमची मर्जी. मी मांगे बसत नाही."

सव्वीस वर्षं मीच तिला ते सांगत आलो होतो. 

तरी शिकलो. धान घेऊन येणाऱ्या छत्तीसगडच्या एका ट्रक ड्रायव्हरने शिकवलं, मिलच्या रिकाम्या आवारात, कोणाच्या तरी जुन्या गाडीवर. काका, क्लच धीरे छोडो, धीरे, हे तो इतक्या वेळा म्हणाला की पोती उतरवणारे हमालही येता-जाता मला धीरे म्हणू लागले. डावी मूठ संध्याकाळी तांब्या धरू देत नव्हती. पंजा पुढे दाबला की गियर वाढतो, टाच मागे दाबली की उतरतो, हे मला पाठ झालं पण पायाला होईना. थांबलो की आपण तिसऱ्यात आहोत की चौथ्यात हेच आठवत नसे, आणि गाडी एक आचका देऊन बंद. लायसन्सच्या परीक्षेला माझ्या मागेपुढे सगळी कॉलेजची पोरं. आठचा आकडा काढताना पाय टेकवला की नापास. मी पहिल्या खेपेला नापास झालो, पाय टेकवला म्हणून. त्या साहेबाला सांगावंसं वाटलं, बाबा रे, जिथे टेकवायचा तिथे टेकवला नाही म्हणून तर हे सगळं आहे.

दसऱ्याला गाडी घरी आणली. बायकोने पूजा मात्र मनापासून केली. हळद-कुंकू लावलं, हॅण्डलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. शेजारचे बघायला उभे. मी बटन दाबलं, पहिला गियर टाकला, आणि क्लच असा सोडला की गाडी जागीच उडी मारून बंद पडली आणि लिंबू न चिरडता निसटून नालीत गेलं. बायको आत गेली, दुसरं लिंबू घेऊन आली, ठेवलं, आणि हात मागे बांधून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. त्या चार पावलांचं मला फार वाईट वाटलं.

मग आमचं रोजचं असं सुरू झालं. सकाळी दोघं एकाच वेळी निघायचो. ती पायी नाक्याकडे, मी गाडीवर मिलकडे. पन्नास पावलांवर मी तिला गाठायचो, मागची सीट रिकामी. मी हळू करायचो. ती मान न वळवता म्हणायची, समोर बघा. गल्लीत सगळ्यांना वाटलं आमचं भांडण झालं आहे. मी गाडी चालवत राहिलो. इंडिकेटर बंद करायचं विसरून कुडव्यापासून मिलपर्यंत उजवीकडे वळायची धमकी देत जायचो, पोरं ओरडून सांगायची, अंकल, इंडिकेटर! पुलाच्या चढावर गाडी बंद पडायची आणि मागे हॉर्नचा कल्ला. पण रविवारी चेनला तेल देताना, चाक हाताने फिरवून त्याचा आवाज ऐकताना मला बरं वाटायचं. शोरूमवाल्याने सांगितलं होतं, पहिले काही दिवस चाळीसच्या वर नेऊ नका. मला ते सांगायची गरज नव्हती.

दिवाळी झाल्यावर बायकोने स्वतःच विषय काढला. उंबऱ्यावर बसूनच म्हणाली, "बाबा नाही, पण माय हाय. मायनं हो म्हटलं त बसीन." मी म्हटलं फोन लावतो. तर म्हणे, असं फोनवर नाही विचारत. माय चिचगडला माझ्या धाकट्या भावाकडे असते. रविवारी जायचं ठरलं. मी गाडीवर आणि ती बसने. एकाच घरून, एकाच घरी. मला हसूही आलं आणि रागही आला, पण तिच्या जिद्दीपुढे माझं कधी चाललं आहे?

ती आठच्या बसने निघाली, मी त्याच्या आधीच. आमगावच्या पुढे बसने मला गाठलं. मी चाळीसवर, जीव मुठीत धरून डाव्या कडेने चाललेलो. बस शेजारून जाऊ लागली आणि खिडकीत ती दिसली, मांडीवर पिशवी, माझ्याकडे बघत. मला हात हलवायचा होता, पण हॅण्डल सोडायची हिंमत नव्हती, म्हणून मी नुसती मान हलवली. तिने पदर तोंडाला लावला. हसली की घाबरली ते मला दिसलं नाही, बस पुढे गेली होती.

देवरीला पोचलो तर ती स्टॅण्डवर बाकावर बसलेली. चिचगडची बस नुकतीच गेली होती, दुसरी दुपारनंतर होती, आणि काळीपिवळी जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी गाडी तिच्यापुढे उभी केली आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर बिघडलं असतं. तिने बसच्या रस्त्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि पदर कमरेला खोचला. "हळू," एवढंच म्हणाली. बसली, पण माझ्या खांद्याला हात लावला नाही. मागच्या लोखंडी दांडीला धरून बसली. आरशात मला तिचा एक कान आणि अर्धा गाल दिसत होता.

अर्धा रस्ता चांगला गेला. दोन्हीकडे सागवान, मधूनच मोहाचं झाड, ऊन कोवळं. मी जरा सैल झालो होतो. एक वळण घेतलं आणि समोर अर्ध्या रस्त्यावर धान पसरलेलं, लांबपर्यंत, कडेने दगड मांडलेले. पलीकडून तनस भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली, दोन्ही बाजूंनी तनस बाहेर लोंबणारं, उरलेला सगळा रस्ता व्यापून. मी ब्रेक दाबला, पण गाडी थांबेपर्यंत दोन दगडांच्या मधून चाक धानावर गेलंच होतं. हॅण्डल हातातून गेलं. मला ते लगेच ओळखू आलं, बत्तीस वर्षांनीही. मागून बायको म्हणाली, "अहो, धान!" तीही धानवाल्याचीच पोरगी आहे.

मी पाय टेकवला. एक नाही, दोन्ही. बुटासकट. दाबून टेकवले, टाचा रोवल्या, धान फरफरत बाजूला गेलं आणि खालचं डांबर लागलं. गाडी तिरपी झाली, मग माझ्या मांडीवर थांबली. ट्रॉलीचं तनस माझ्या खांद्याला घासून गेलं. आम्ही उभे होतो. बायकोचा हात माझ्या खांद्यावर होता, तो केव्हा आला मला कळलं नाही. मागे धानात दोन सऱ्या उमटल्या होत्या, काळं डांबर दिसण्याइतक्या खोल.

गाडी स्टॅण्डवर लावून मी आधी बूट काढले. मग वाकून धानाला हात लावला, कपाळाला लावला, आणि अनवाणी पायांनी त्या सऱ्या बुजवायला लागलो. माझे डोळे भरून आले होते. झाडाखाली बसलेली एक म्हातारी उठून आली, धान तिचं होतं. मी हात जोडून म्हटलं, चुकी झाली, बुटाचा पाय पडला. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्या बायकोला पाहिलं.

"पाय पडला त पडला," ती म्हणाली. "मानूस नाही पडला ना? मंग रडून कायले राहिला?"

सवयीने चार दाणे उचलून दाताखाली फोडले आणि तिला सांगितलं, अजून एक ऊन द्या, आज भरू नका. तिला ते पटलं. ती म्हणाली, मी पण तेच म्हणत होते घरी, कोणी ऐकत नाही. पुढचा सगळा रस्ता बायकोचा हात माझ्या खांद्यावरच होता. मला माहीत होतं की आता ती बसणार. फक्त मायचं हो व्हायचं होतं.

माय अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. वाकड्या मनगटाने सूप जरा तिरपंच धरते ती. बायकोने पाणीसुद्धा घेतलं नाही, पायाशी बसली आणि विचारलं, माय, बाबांनी यांना गाडीची मनाई केली होती, आता तुम्ही सांगा, मी बसत जाऊ का? मायचं सूप थांबलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाबा, ती डुकराच्या दिवशीचीच नजर होती. मग बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बस बाई. त्यायची ना नाही." आणि पुन्हा पाखडायला लागली.

मायला माहीत होतं. तुम्ही तिला सांगितलंच असणार. तुम्ही जायच्या आधी दोन महिने, पऱ्हे टाकायचे, धानाची रोपं तयार करायचे दिवस. मी अंगणात सायकलची उतरलेली चेन बसवतो आहे, हात काळे झाले आहेत. तुम्ही येता आणि किल्ली माझ्यापुढे धरता. "घे," म्हणता. "एकदा पडला त काय झालं? मी तीनदा पडलो, कोनाले सांगितलं नाही. चाल, मी मांगे बसतो." मी मान वर करत नाही. चार लोकांसमोरच्या त्या वाक्याचा राग होता, पण तो थोडा होता. जास्त होती ती भीती, निव्वळ भीती. मी म्हणतो, "मले नाही पाहिजे." तुम्ही किल्ली खिशात टाकून जाता. तुमच्या पायांचा आवाज मी दारापर्यंत ऐकतो आणि चेन बसवत राहतो. त्यानंतर तुम्ही गेलात, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की बाबांची मनाई होती. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा आज्ञाधारक म्हणवून घेणं सोपं होतं, बाबा. त्यापायी तुम्हाला मी लोकांत एकतीस वर्षं कठोर बाप करून ठेवलं.

आता ती रोज मागे बसते. अंगणवाडीच्या दारात उतरते, संध्याकाळी मी आणायला जातो, आणि उंबऱ्यावर ती आता बसत नाही, सरळ आत जाते. मला एवढंच हवं होतं. पण सकाळी निघायच्या आधी ती दारातून तुमच्या फोटोकडे बघून हात जोडते. "बाबा, जातो जी," म्हणते. एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, शेवटी बाबांनी मन मोठं केलं. मी क्लच दाबून समोर बघत राहिलो.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. आणि खरं पाहता, धानाचं तेवढं सोडलं तर यातलं तुम्हाला सगळं माहीतच होतं. हे लिहायला हवं होतं तिला. तुम्हाला लिहिणं सोपं पडलं, म्हणून तुम्हाला लिहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही.